अण्णांच्या पंधराशे कॅलऱ्या

एका माणसाचं खाणं बंद झालं, की आजूबाजूच्या दहा माणसांची तोंडं सुरू होतात. आणि तो माणूस मोटारीचा ड्रायव्हर असला तर विचारूच नका! किस्सा येरमाळ्याला जन्मतो, धाराशिवला त्याला शेपूट फुटतं, तुळजापूरला शिंगं फुटतात, आणि सोलापूरला पोचेस्तोवर तो कुणाचा होता हेच कळत नाही. म्हणून मी आपलं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं तेवढंच सांगतो.

लढाईचा काळ. आमच्याकडं निजामाचं राज्य, आणि पेट्रोल औषधाला मिळंना. त्यामुळं आमच्या शेठची मोटार कोळशावर चालायची. मागं एक मोठं लोखंडी पिंप, त्यात भट्टी, आणि भट्टीच्या गॅसवर इंजिन. येरमाळा ते सोलापूर ही आमची लाइन. मी कंडक्टर, म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणायचे. भट्टी सांभाळायला नबीचाचा, वाळलेल्या शेंगेसारखा बारका म्हातारा. आणि स्टिअरिंगवर सिद्रामअण्णा.

अण्णा लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, नबीचाचाशी दखनी. माणूस सोन्यासारखा, हात तर असा साफ की मागच्या बाकावरची बाई पोराला पाजताना हिंदकळायची नाही. फक्त पोट! मोटारीच्या दारातून आधी पोट आत जायचं, मग जरा वेळानं अण्णा.

तुळजापूरचा घाट चढताना कोळशाच्या गाडीला दम लागायचा. मी ओरडायचो, "उतरा मंडळी, जरा हात लावा!" सगळे मुकाट्यानं उतरायचे. एकदा तामलवाडीचा एक शेतकरी जागचा हलंना. म्हणाला, "मास्तर, आमी धा जण उतरण्यापरीस येकटा ड्रायव्हर उतरवा की! गाडी उडत जाईल!"

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते अण्णाच.

*

हसणं थांबलं ते त्याच घाटात, उतारावर.

वळण आलं, अण्णांनी चाक फिरवलं, आणि चाक अर्ध्यात अडकलं. पोट तर रोजच घासायचं, पण त्या दिवशी सदऱ्याची गुंडी स्टिअरिंगच्या दांडीत गुतली. अण्णांनी ब्रेक दाबला, तरी गाडी सरकतच होती. नबीचाचानं मागून उडी टाकली आणि लाकडाचा ओंडका चाकाखाली सारला. कठड्याच्या दगडाला टेकून गाडी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण सोलापूर येईपर्यंत मंडळी बाकं घट्ट धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. अण्णांना सीटवर बसवलं, आणि आपली मूठ पोट आणि चाक यांच्यामधी घालून पाहिली. बोटसुद्धा जाईना.

"अण्णा, गुढीपाडव्यापर्यंत इथं माझी मूठ बसली पाहिजे," शेठ म्हणाले. "न्हाय बसली, तर ह्या सीटवर दुसरा माणूस बसंल. मला वाईट वाटंल, पण बसंल."

अण्णांना दुसरं काही येत नव्हतं. जमीन भावांच्या नावावर, आणि उभ्या आयुष्यात हातात फक्त स्टिअरिंग. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "मास्तर, पोट कमी करतेत कसं हो? वाढवायचं कसं ते मला म्हाईत हाय."

*

सोलापुरात एक डॉक्टर होते. नव्या विद्येचे, आणि बोलायला मोकळे. मी आणि नबीचाचा दोघंही अण्णांबरोबर आत गेलो. आम्हालाही बघायचं होतं की पोट कमी करायचं औषध रंगानं कसं असतं!

डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. म्हणाले, "भाकरी, भात, गूळ, साखर, रताळी, बटाटे बंद. अंडी खा."

अण्णांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "ते सोडून सांगा."

"बरं. पालेभाज्या, दोडका, वांगी, काकडी. ताक, दही, थोडं तूप. मूठभर शेंगदाणे. मुगाची डाळ, तीही बेतानं. आणि दिवसाला पंधराशे कॅलरीच्या वर जायचं नाही."

कॅलरी हा शब्द आम्ही तिघांनी पहिल्यांदाच ऐकला. अण्णांचा चेहरा पडला.

"डॉक्टर, पंधराशे? काय बी असूद्या, पण येवढं माझ्याच्यानं खाववायचं न्हाय!"

डॉक्टर हसून हसून खुर्चीत मागं रेलले. मग त्यांनी नीट समजावलं. कॅलरी म्हणजे खाण्यातलं जळण. मोटारीला कोळसा, तसं शरीराला खाणं. गरजेपेक्षा जास्त घातलं की ते अंगावर साठतं. "आता तुमची एक जाड भाकरी म्हणजे साधारण अडीचशे धरा."

अण्णा बोटं मोजायला लागले. थांबले. पुन्हा मोजली.

"डॉक्टर, मी न्याहारीला सहा खातो."

"मग?"

"मंग पंधराशे न्याहारीलाच संपल्या की हो! दुपारी काय खाऊ, अन् राती काय?"

*

घरी खरी लढाई लागली. बसव्वावहिनींचं म्हणणं एकच, "भाकरी न्हाय तर ताटाला ताट कशाला म्हणायचं?" पहिल्या दिवशी त्यांनी मेथीची भाजी, दह्याची वाटी, काकडी असं वाढलं, आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसल्या. जणू घरात कुणी आजारी पडलंय.

पहिले काही दिवस अण्णांचं डोकं ठणकायचं. स्वभाव इतका गोड, पण हॉर्न असा वाजवायचे की बैल बुजायचे! धाराशिवच्या अड्ड्यावर गुळाच्या चहाचा वास आला की तोंड फिरवून बसायचे. कुणी प्रेमानं लाडू पुढं केला तर हात जोडून म्हणायचे, "साकू!" म्हणजे कानडीत 'पुरे'.

हळूहळू हा शब्द लाइनीवर सगळ्यांना पाठ झाला. जागा भरली की प्रवासीच ओरडायचे, "मास्तर, साकू!" एकदा येरमाळ्याला शाळेचे साहेब गाडीत चढले, आणि धाराशिव येईपर्यंत भाषण ठोकत राहिले. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "साकू."

साहेबांना वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यांनी आणखी अर्धा तास दिलं!

*

तामलवाडीच्या पुढं निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजांची सुरू व्हायची. तिथं नाका. कापडावर कंट्रोल असल्यामुळं लोक लुगडी, धोतरं पोटाला गुंडाळून इकडून तिकडं न्यायचे. नाक्यावर नवा जवान आलेला. त्यानं अण्णांना खाली उतरवलं, आणि काठीच्या टोकानं पोट दाबून पाहिलं.

"ये क्या छुपाया है?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्यो माल आपल्याच सरकारच्या हद्दीत तयार झालाय. डॉक्टरच्या हुकमानं रोज थोडा थोडा कमीच करायलोय!"

जवानाला मराठी कळंना. त्यानं नबीचाचाला विचारलं, हा काय म्हणतो? चाचानं एका वाक्यात मिटवलं, "खानदानी है साब, बाप का भी इतनाच था."

*

या सगळ्यात खरी गोडी लागली होती ती नबीचाचाला. आयुष्य जाळण्यात गेलेलं. कोळसा ओला की सुका, बाभळीचा की लिंबाचा, हे तो धुरावरनं सांगायचा. त्यामुळं कॅलरी त्याला आमच्या आधी समजली. पण एक गोष्ट त्याला छळत होती. महिना-दीड महिन्यानं पुन्हा डॉक्टरकडं गेलो, तेव्हा त्यानं विचारलंच.

"डॉक्टर साब, कोयला जलता तो राख पडती. मैं रोज निकालता. अण्णा की चरबी जलती बोलते, तो उसकी राख किधर जाती?"

डॉक्टर एकदम गंभीर झाले. म्हणाले, "चाचा, हे मला अजून कुणीच विचारलं नाही. त्यातलं बरंचसं श्वासावाटे बाहेर जातं. दिसत नाही, पण जातं."

परतीच्या वाटेवर चाचा अण्णांच्या मागच्या बाकावर बसलेला. घाट लागल्यावर त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं, आणि रुमाल नाकाला लावला.

"मास्तर, मतलब अण्णा का धुआँ रोज हमीच पीते क्या?"

*

हिवाळा आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आलेली. तामलवाडीजवळ एका शेतात आगटी पेटलेली दिसली, आणि शेतकऱ्यानं हात केला. मोटार थांबली. त्या काळी असं चालायचं! प्रवासी खाली उतरले, कुणी कणसं भाजतंय, कुणी चोळतंय, गरम गरम दाणे तळहातावर.

अण्णा स्टिअरिंगला धरून बसलेले. नाकपुड्या हलत होत्या. शेवटी मला म्हणाले, "मास्तर, इचार करा. हुरडा कोवळा असतो. त्याची अजून ज्वारी झाली न्हाय. ज्वारी न्हाय तर पीठ न्हाय, पीठ न्हाय तर भाकरी न्हाय. मंग ही पालेभाजीच झाली का न्हाय?"

नबीचाचा म्हणाला, "डॉक्टर को पूछे बगैर नक्को." आणि अण्णांनी पाळलं, बरं का! समोर हुरडा असताना एक दाणा तोंडात टाकला नाही. सोलापुरात गाडी लागली, तसे आम्ही तिघं थेट दवाखान्यात. डॉक्टर दुसऱ्या पेशंटची नाडी धरून बसलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाडी न सोडता म्हणाले,

"अण्णा, पोरगं लहान असलं म्हणून त्याचं आडनाव बदलतं का?"

*

माघ लागेपर्यंत अण्णांचे गाल आत गेले. सदरा अंगावर वाळत घातल्यासारखा दिसायचा. एक दिवस येरमाळ्याच्या स्टँडवर परांड्याकडचे एक म्हातारबाबा आले. वर्षातनं एकदा यायचे. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोक्यावरचा पटका सरळ केला, आणि जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले,

"तुम्ही अण्णांचे थोरले बंधू व्हय?"

अण्णा काही बोलायच्या आत म्हातारबाबांचे डोळे भरून आले. "कधी गेले? आमाला कुणी कळवलं बी न्हाय बघा. लई भला मानूस. येकदा माझी काठी इसरली व्हती, तर मोटार मागं घेऊन आणून दिली."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी मला डोळ्यानं गप्प केलं. म्हातारबाबांचा हात हातात घेतला, आणि मान हलवत म्हणाले, "व्हय बाबा. मानूस चांगला व्हता. पर लई खायचा!"

*

पाडवा आला. शेठ आले. सगळी मंडळी मोटारीभोवती जमली. बसव्वावहिनीसुद्धा आल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. अण्णा सीटवर बसले. शेठनी मूठ घातली. बसली. दुसरी मूठ घातली. तीही बसली!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी डोळे मिटून घेतले. शेठ मात्र आपल्या दोन मुठींकडं बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या पोटाकडं पाहिलं, आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मास्तर, त्या डॉक्टरचं नाव काय?"

*

आता शेवटचा किस्सा.

चैत्री पौर्णिमा, येरमाळ्याला येडाईदेवीची जत्रा. डोंगरापासून रस्त्यापर्यंत माणूसच माणूस. आमच्या मोटारीनं सकाळपासून खेपा केलेल्या. दुपारी बसव्वावहिनी आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यास्नी घेऊन चला. गूळतुला करायची हाय."

मी विचारलं, कसली? तेव्हा कळलं. शेठनी मूठ घालून पाहिली, त्याच रात्री वहिनींनी येडाईला नवस बोलला होता, की ह्यांची गाडी हातची जाऊ देऊ नको, ह्यांच्या वजनाइतका गूळ वाटीन. इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या माहेरून, बहिणीकडून, शेजारणीकडून गुळाच्या ढेपा जमवत होत्या. कंट्रोलच्या दिवसांत हे सोपं नव्हतं.

पायथ्याशी एका आडत्यानं लिंबाच्या झाडाला मोठा तराजू टांगलेला. अण्णा एका पारड्यात बसले. दुसऱ्यात ढेपा पडू लागल्या. पारडी समोरासमोर आली, आणि आडत्या म्हणाला, "झालं बाई, भरली तुला. एवढ्या ढेपा उरल्या, घरी न्या."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"न्हाय झाली," त्या म्हणाल्या. "म्या नवस बोलले तवा ह्ये असे नव्हते. येडाईनं त्या वजनाचा नवस ऐकलाय. तिला कमी कसा देऊ?"

आडत्यानं समजावलं, बाई, माणूस आहे एवढंच वजन धरतात. शेजारचा पुजारीही म्हणाला, चालतं. अण्णा पारड्यातनं म्हणाले, "अगं, साकू आता!" वहिनी कुणाचं ऐकंनात. भोवती गर्दी वाढत चालली. कुणी म्हणालं, दगड टाका वरनं. वहिनी म्हणाल्या, "दगडाचा नवस न्हाय. मानसाचा हाय."

आणि मग त्यांची नजर फिरत फिरत गर्दीच्या कडंला गेली. तिथं नबीचाचा उभा होता. हात कोळशानं काळे, दाढीवर राख, तमाशा बघत.

"चाचा, इकडं या. बसा."

चाचा गांगरला. "मैं? भाबी, मैं कैकू?"

"बसा म्हणते न्हवं!"

नबीचाचानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी पाय आवरून जागा केली. चाचानं अंगातल्या सदऱ्याला हात पुसले, मनात काहीतरी पुटपुटला, आणि अंग चोरून अण्णांच्या पुढ्यात बसला. पारडं खाली गेलं.

पुजारी पुढं आला. दाढीकडं पाहिलं, अण्णांच्या गळ्यातल्या लिंगाकडं पाहिलं. "बाई, हे कोण?"

बसव्वावहिनी ढेप उचलता उचलता म्हणाल्या,

"ह्ये? ह्यांचं गेलेलं अंग हाय ह्ये. घाला गूळ!"