तेर्तूची तांबी

आमच्या तेर्तूला बघाल तर म्हणाल, या बाईला लाज कशाशी खातात ते ठाऊक नसणार. नऊ बाळंतपणं झालेली, आवाज असा की नदीपलीकडची कुत्री कान टवकारतील. शनिवारी सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आम्ही बायका जमलो की ही सगळ्यात वरच्या फळीवर, उघडीवाघडी, तापल्या दगडांवर पाणी ओतत म्हणणार, "सोसत नसेल तिनं उतरावं खाली!" माझ्या भावाची बायको. मी बिनलग्नाची, समोरच राहते, तेव्हा तिची खोडी काढायचा पहिला हक्क माझा.

आम्ही जुन्या वळणाच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरातली माणसं. घरात टीव्ही नाही, ओठाला रंग नाही, आणि लेकरं देव देईल तितकी. थांबवायला काही करायचं नाही. तेर्तूच्या नवव्याच्या वेळी रक्त इतकं गेलं की आम्ही आशा सोडली होती. त्यानंतर मात्र, ती एकोणचाळीसची असताना, पाळणा थांबला. बायका तिचा हात कुरवाळत म्हणायच्या, "देवाला दया आली गं तुझी." तेर्तू मान खाली घालून बसायची. मला वाटायचं, काय ही नम्र बाई! बाकी कुठं नम्र नव्हती, पण असो.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. यंदा फेब्रुवारीत प्रार्थनाघराच्या अंगणात, वेलदोड्याच्या पावांचं ताट घेऊन येताना तेर्तूबाई बर्फावरून घसरल्या. पाव वाचले, बाई बसल्या. पाय टेकवेना. मी तिला गाडीत घातली आणि आरोग्यकेंद्रात नेली.

"एवढी गादी दिलीय देवानं मागं, हाड कसलं मोडतंय!" मी म्हटलं.

"तू गप गाडी चालव. आणि खड्डे चुकव, रस्ता सरकारचा असला तरी कंबर माझी आहे."

डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढायला पाठवलं. दार उघडलं हेतानं. ही हेताही आमच्याच प्रार्थनाघरातली, आठ लेकरांची आई. लेकरं शाळेत जायला लागल्यावर शिकली आणि इथं एक्स-रे काढायला लागली. तिला बघून तेर्तूचा चेहरा पांढराफटक.

"दुसरं कुणी नाही का आज?"

"मीच आहे. का गं, तेर्तू?"

"नाही, सहज."

तिला टेबलावर चढवायला आम्ही दोघी लागलो. हेतानं विचारलं, "अंगावर धातू काही? किल्ल्या, पिना? आत काही बसवलेलं, स्क्रू, पट्टी, दुसरं काही?"

तेर्तू छताकडे बघत म्हणाली, "मी काय ट्रॅक्टर आहे?"

मी हेताबरोबर शिशाच्या आडभिंतीमागं उभी राहिले. पडद्यावर तेर्तूची कमर उमटली, राखाडी, मोठ्या परातीसारखी. आणि परातीच्या मधोमध, लख्ख पांढरी, पेरभर काडी, वर दोन आडवे हात.

"अगं हेता, तिच्या स्कर्टची पिन राहिली बघ!" मी म्हटलं.

हेता पडद्याकडं बघत राहिली. मी बिनलग्नाची असले तरी आंधळी नाही. पिनेला असे हात नसतात. ती तांबी होती.

आणि हेता तशी का बघत होती, तेही मला कळलं. मला ते कळायला नको होतं.

पंधरा वर्षांपूर्वी हेता, तेव्हा पाच लेकरांची आई, तेर्तूच्या स्वयंपाकघरात आली होती. कोटसुद्धा काढला नव्हता. म्हणाली, "तेर्तू, मला आता झेपत नाही. डॉक्टर म्हणतात तांबी बसवा. तू सांग, काय करू?"

तेर्तू चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मी नऊ काढली. देव देईल तेवढी घ्यायची. मी काही केलं का?"

आणि मी, पीठ मळता मळता, म्हणाले, "आता मिनीबसच घ्या गं, गाडीत मावायची नाहीत!"

आम्ही हसलो. हेताही हसली. मग तिला आणखी तीन झाली. सातव्यानंतर ती दोन महिने शहरातल्या इस्पितळात होती, मनाच्या आजारासाठी. तिची लेकरं आम्ही वाटून घेतली होती. तेर्तूनं तीन घेतली होती.

हेता टेबलाजवळ गेली. "हाडाचं डॉक्टर सांगतील. बाकी दिसलं ते माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही."

सॉनात वरच्या फळीवर बसणाऱ्या बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हाडाला तडा होता. कुबड्या आल्या. तांबी केव्हाच काढायला हवी होती, ती डॉक्टरांनी नंतर काढली. तेर्तू ना सॉनात येईना, ना प्रार्थनाघरात. मी समजूत घालायला गेले, "हेता बोलायची नाही गं कुणाला."

"तीच तर पंचाईत आहे. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

आमच्यात एक सोय आहे. कुणाकडंही जाऊन म्हणायचं, "मला क्षमा होईल का?" समोरच्यानं गळ्यात हात टाकून "झाली, विश्वास ठेव" म्हणायचं. काय चुकलं ते सांगावं लागत नाही, आणि नाही म्हणायची रीत नाही. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तेर्तू म्हणाली, "मला हेताकडं ने."

हेताच्या दारात, पंधरा-वीस बुटांच्या पसाऱ्यात, कुबड्यांवर उभी राहून तिनं सुरुवात केली, "हेता, मला क्षमा..."

"थांब. ते म्हणू नकोस. ते म्हटलंस की मला हो म्हणावं लागेल. नुसतं सांग."

तेर्तूनं कुबड्या सावरल्या.

"तू विचारायला आलीस तेव्हा ती माझ्यात होती. पाच वर्षं झाली होती बसवून. तू बसवलीस आणि लोकांना कळलं असतं, तर माझ्याकडंही संशयानं बघितलं असतं. मी घाबरले. म्हणून तुला देवाचं नाव सांगितलं."

हेता म्हणाली, "नंतरच्या तिघांतलं एकही मला परत द्यायचं नाहीये. पण तिथं इस्पितळात पडून मी एकच घोकत होते. तेर्तूनं नऊ काढली, मला सात झेपेनात, म्हणजे मीच कच्ची."

बुटांकडं बघत मी म्हटलं, "मिनीबसचं मी बोलले होते."

"आठवतंय. मी हसले होते." हेताचा आवाज अगदी बारीक झाला. "मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते, हसले त्याची."

मी खाली वाकून बूट जोडीनं लावू लागले.

हेतानं पायानं बूट सारले आणि खुर्ची ओढली. "बस, तेर्तू. मोडकं हाड घेऊन उभी राहू नकोस." कॉफी विचारली नाही. गळ्यात हात टाकला नाही.

तेर्तू आता पुन्हा सॉनात येते. सगळ्यात खालच्या फळीवर बसते. बायका म्हणतात, बिचारीला हाडामुळं वर चढवत नाही. हाड केव्हाच जुळलंय. हेताही असते, वर, पाण्याचा डबा हातात घेऊन. दर शनिवारी ती एकदा खाली बघते आणि विचारते, "ओतू का, तेर्तू?"

"ओत," तेर्तू म्हणते.

तेवढंच. ते "झाली, विश्वास ठेव" हेतानं अजून म्हटलेलं नाही, आणि तेर्तूनंही पुन्हा मागितलेलं नाही.