आभाळ दिसणारा मांडव

फोन आला तेव्हा मी अंगणात बांबू बांधत होतो. मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी होती, संध्याकाळी आमचा सुक्कोथचा सण लागणार होता आणि मांडव अर्धाच झाला होता. फोन शेजारच्या पगारेकाकांकडे. त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "बेंजामिन, इस्रायलचा फोन!" पुतण्या बोलत होता. सॅमसनदादा सकाळी गेला. परत आलो तेव्हा सुतळी माझ्या हातातच होती.

दुपारभर माणसं येत राहिली. नाशिकरोडला आता आम्ही ज्यू फारसे उरलेलो नाही, त्यामुळे आले ते बहुतेक शेजारीच. दादा किती चांगला होता, असं कुणी म्हणालं नाही. जो तो मांडवाचा एकेक किस्सा सांगत होता. एका मांडवाभोवती इतके किस्से साठलेत, हे मलाही ठाऊक नव्हतं!

*

सत्तरच्या सुमाराला आम्ही कॉलनीत राहायला आलो. पहिल्याच वर्षी मांडव दिसल्यावर पगारेकाका वर्गणी घेऊनच आले. "मूर्ती कधी येणार?"

दादानं समजावलं, "मूर्ती नाही हो. आमचे पूर्वज वाळवंटात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस यात जेवायचं."

"म्हणजे येणार कुणीच नाही?"

"तुम्ही आलात ना! बसा!"

वर्गणी खिशात परत गेली आणि काकांचं पान मांडलं गेलं.

*

पुढल्या वर्षी परतीच्या पावसानं गाठलं. दादा रेल्वेतली ड्यूटी करून घरी आला, तर मांडवावर ताडपत्री, दोऱ्या आवळून! चिंब भिजलेले काका खुशीत होते. "वाचवला तुमचा मांडव!"

दादानं त्यांना चहा पाजला. मग हळूच म्हणाला, "काका, छतातून आभाळ दिसलं नाही, तर आमचा मांडव मांडवच राहत नाही."

"आणि पाऊस आला तर?"

"घरात जेवायचं."

"मग एवढा खटाटोप कशासाठी?"

"आभाळासाठी!"

*

हा सण पौर्णिमेला लागतो. कधीकधी नेमकी कोजागरी येते. अशाच एका वर्षी आमचं मटण संपत आलेलं आणि पगारेकाकू मसाला दूध घेऊन दारात! मांसावर दूध आम्हाला चालत नाही. वहिनी म्हणाली, "ठेवा काकू, सकाळी घेतो."

"कोजागरीचं दूध सकाळी? मग त्यात चहापूडच टाका!"

पुन्हा कोजागरी जुळून आली, तेव्हा वहिनीनं भरीत-भाकरी केली. दादा ताटाकडे बघत म्हणाला, "सणाला वांगं?"

"मटण कधीही मिळतं," वहिनी म्हणाली. "काकूंचं दूध वर्षातून एकदाच."

*

एकेक कुटुंब इस्रायलला जात राहिलं. मांडवाची लांबी मात्र तेवढीच. वहिनी चिडायची, "माणसं कुठायत? जरा आखूड करा की!"

"आणि गेलेले परत आले तर बसतील कुठे?"

दादा नेहमी टोकाच्या खुर्चीवर बसायचा. पुढे मुलांपाठोपाठ तोही गेला. स्टेशनवर मला एवढंच म्हणाला, "बेन्या, मांडव लहान करू नकोस."

तिकडच्या पहिल्या सणाला त्याचा फोन आला. "अरे, इथं गल्लोगल्ली मांडव!"

"मग मजा आहे तुझी."

"कसली मजा! कुणी वर्गणी घेऊन येत नाही!"

*

भेटायला आलेली माणसं पांगली. पगारेकाका मात्र बसून होते. सण लागला की आम्ही सुतक धरत नाही. सूर्य मावळायच्या आत मांडव उभा हवा. हे काकांना मी सांगायची गरज नव्हती. ते उठले, फांद्यांचा भारा सोडला आणि म्हणाले, "चढ. मी वर देतो."

लांबी मी तेवढीच ठेवली होती. खाली टोकाला दादाची खुर्चीही मांडली होती. पांडवलेण्यांच्या बाजूनं ढग आले. काका म्हणाले, "ताडपत्री आणू?" आणि लगेच स्वतःच, "नाही, नाही."

आम्ही एका बाजूनं छत घालत टोकाशी आलो. शेवटच्या फांद्या काकांनी वर धरल्या. "एवढंच राहिलंय, बेंजामिन."

मी खाली उतरलो.

सण संपेपर्यंत दादाच्या खुर्चीवरचं तेवढं छत मी घातलं नाही.