घरमालकीणबाईंची कवायत

सोलापुरात राहून उन्हाला न भिणारी, पण गॅसच्या टाकीला वाघाला भ्यावं तशी भिणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. पावसाळ्यात आमचं छत गळायचं, ते बघायला त्यांना तीन वर्षांत सवड झाली नाही; पण वीज गेली की आपोआप लागणारे दिवे त्यांनी जिन्यात, न्हाणीघरात, तुळशीपाशी, इतकंच काय, संडासातही बसवले होते. गळ्यात कायम टॉर्च. भर मे महिन्यात, रविवारी जेवून आम्ही पंख्याखाली आडवे झालो की त्या खाली मेन स्विच बंद करायच्या आणि ओरडायच्या, "लाईट गेली समजा! आता काय करणार, सांगा की!" खरं उत्तर सभ्य माणसाने देण्यासारखं नव्हतं. मेणबत्ती कुठे, काडेपेटी कुठे, फ्रिज उघडायचा नाही, हे सगळं घामाघूम होऊन म्हणून दाखवावं, तेव्हा कुठे पंखा फिरायचा. अक्कलकोटहून माझ्या सासूबाई आल्या, तर चहाच्या आधी बाईंनी त्यांना गॅसचा रेग्युलेटर बंद करायला लावला. त्यांनी तो उलटा फिरवला. "ह्या आजवर जगल्या कशा हो?" बाईंनी माझ्या बायकोला विचारलं. सासूबाईंनी त्यानंतर आमच्याकडचा चहाच सोडला.

एकदा सकाळी बायको कुंभारीच्या शाळेत शिकवायला गेली होती. मी दूध मंद आचेवर ठेवून कोपऱ्यावर पेपर आणायला गेलो आणि गप्पांत रंगलो. परत येऊन दार उघडतो तर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, घरभर गॅस. मी एका हाताने नाक दाबलं, दुसरा आपसूक पंख्याच्या बटणाकडे गेला.

"बटनाला हात लावू नका!"

गच्चीवर कपडे वाळत घालायला निघालेल्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरून मला जिन्यात ढकललं, पदर खोचून आत गेल्या, शेगडी बंद केली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि येऊन पायरीवर बसल्या.

"वास खालपर्यंत आला का?" मी विचारलं.

"कुटला वास? चार वर्सं झाली, ताप आला तवापासनं मला कशाचाच वास येत न्हाय. तुम्ही नाक दाबलेलं दिसलं, म्हणून कळलं. मी एकटी राहते. माझ्या घरात गॅस सुटला तर मला कोण सांगणार?"

तीन वर्षं मनातल्या मनात घातलेल्या शिव्या आता कुठे ठेवाव्यात, मला कळेना.

घर मोकळं होईपर्यंत आम्ही पायरीवरच बसून राहिलो. समोरच्या घरात फोडणी चरचरली. बाईंनी मान वर केली.

"लसूण हाय का?"

"आहे. चांगला खरपूस."

"आणि कढीपत्ता?"

मी दीर्घ श्वास घेतला. कढीपत्ता नव्हता.

"आहे की," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटून घेतले.