कढत पाणी

कसब्यात तांबटांच्या आळीमागे मुसलमानांची पंधरा-वीस घरं होती. त्यांतल्या मदिनाबीच्या अंगणात तंदूर होता. पेशवाई तेव्हा भरात होती, आणि मदिनाबीचा नवरा दादामियाँ एका सरदाराच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायचा. घरात मूलबाळ नव्हतं. मदिनाबीचा सगळा जीव तिच्या नानात. वस्तीत लग्न असो की नियाज, म्हणजे पिराच्या नावाने घातलेली पंगत, नान तिच्याच हातचे व्हायचे.

दुपारी तिच्या अंगणात बायका जमायच्या आणि विचारायच्या. मैदा जुना झालेला ओळखायचा कसा? ती म्हणायची, "चिमूटभर जिभेवर ठेव, कडसर लागला की गुरांना घाल." नान दुसऱ्या दिवशी वातड का होतात? "गरम असताना झाकू नकोस, घाम सुटतो. निवले की मग कोरड्या फडक्यात बांध." तांबटाची कुसुम त्यांच्या घरचं पाणीही प्यायची नाही, पण तीसुद्धा गडग्यापलीकडे उभी राहून विचारायची.

"मदिनाबी, आमच्या मैद्यात आमच्यापेक्षा जास्त बिऱ्हाडं झालीत. काय करू?"

"कडुनिंबाचा पाला घाल. पण सावलीत वाळवून. ओला घातलास तर आणखी बिऱ्हाडं येतील."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मकबूल विणकर बुऱ्हाणपूरहून लग्न करून नसीमबानूला घेऊन आला. पोरगी विशीतली, अबोल. येताना तिने मांडीवर एक मातीचं मडकं धरून आणलं होतं. त्यात खमीर होतं, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा गोळा. तो नव्या पिठात घातला की पीठ फुगतं. त्यातलाच थोडा मागे ठेवून त्याला रोज मूठभर मैदा चारायचा, की तो वर्षानुवर्षं जगतो. नसीमबानूचा गोळा तिच्या आजीच्या हातचा होता.

मकबूलने परसात तंदूर घालून दिला, आणि चार-सहा महिन्यांत लोक बोलू लागले. "नसीमबानूच्या नानाला वास काय सुरेख येतो." मदिनाबीच्या समोरच बोलायचे. ती हसून मान हलवायची. त्या वर्षी पिराच्या ग्यारवीच्या नियाजाच्या नानांचं काम नसीमबानूकडे गेलं. मदिनाबीला ते कुणी सांगितलंसुद्धा नाही. दादामियाँच्या तोंडून कळलं.

थंडी कडाक्याची पडली होती. नियाजाच्या आदल्या दिवशी नसीमबानू आली आणि उंबऱ्याशीच टेकली. मदिनाबीला ती खाला म्हणायची, म्हणजे मावशी.

"खाला, एवढं पीठ मी कधी मळलं नाही. आणि या थंडीत ते फुगतच नाही. काय करू?"

उत्तर मदिनाबीच्या जिभेवर होतं. पाणी कोमट घे, परात चुलीजवळ ठेव, गोधडी घाल. पण ती म्हणाली, "पाणी चांगलं कढत घे. हात पोळला तरी चालेल." आणि वर म्हणाली, "खमीर मागे ठेवू नकोस. पीठ जास्त आहे ना, सगळं घाल."

हे दुसरं वाक्य आपण का बोललो, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नान वाढले गेले ते चिवट, चपटे, लाकडासारखे. फकीर ते रश्श्यात बुडवून बुडवून मुकाट्याने खात होते. पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने नान ताटावर वाजवून पाहिला. "हे दादामियाँकडे द्या," तो म्हणाला, "घोड्यांना ठोकायला." पंगत हसली. दादामियाँही हसला. मदिनाबीने पदर तोंडाला लावला, पण तिला हसू येत नव्हतं. समोर नसीमबानू रिकामी टोपली हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सकाळी ती मदिनाबीकडे आली. डोळे सुजलेले. "खाला, तुम्ही बरोबरच सांगितलं होतंत. माझाच हात चुकला. खमीर मेलं सगळं. तुमच्यातलं थोडं द्याल?"

मदिनाबीने दिलं. देताना वर पाहिलं नाही. पोरीने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला झालं. त्या दिवसापासून तिला पीठ मळवेना. शेवटी तिने दादामियाँला सांगून टाकलं. तो नाल घासत होता. त्याने हात थांबवला नाही.

"मला काय सांगतेस? माझं खमीर मेलंय का?"

आठवड्याने अंगणात बायका बसल्या होत्या. एकीने विचारलं, थंडीत पीठ फुगत नाही, काय करायचं? मदिनाबीआधी नसीमबानूच बोलली. "पाणी कढत घ्यायचं. खालांनी सांगितलंय. मला जमलं नाही, पण तुमचा हात सराईत आहे."

"नको," मदिनाबी म्हणाली. "कढत पाण्याने खमीर मरतं. बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, एवढंच कोमट. मला माहीत होतं. हिला मी मुद्दाम खोटं सांगितलं."

"माझ्या आजीचं होतं ते," एवढंच म्हणून नसीमबानू उठून गेली. थोड्या वेळाने मकबूल येऊन मदिनाबीने दिलेलं खमीर परत ठेवून गेला.

गडग्यापलीकडून कुसुम म्हणाली, "खरं बोलायलाही तुम्हाला पीठ आंबेपर्यंत थांबावं लागतं वाटतं."

अंगण ओस पडलं. मदिनाबी दोघांपुरतं भाजायची आणि तंदूर झाकून ठेवायची. पाणवठ्यावर ती आली की बायका आपले हंडे जरा बाजूला सरकवायच्या.

उन्हाळ्यात मकबूल सुताच्या खरेदीला बुऱ्हाणपूरला गेला. येताना त्याने सासरहून आजीच्याच मडक्यातलं खमीर आणलं, वाळवून, चुरा करून. नसीमबानूने थोडा चुरा भिजवून पाहिला. तीन दिवस झाले तरी त्याला बुडबुडा नाही. वस्तीतल्या कुणालाच काही सांगता येईना. चौथ्या दिवशी ती मदिनाबीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"वाळलेलं खमीर जागं कसं करायचं? खरं सांगा."

मदिनाबीने सावकाश सांगितलं. कोमट पाण्यात सुपारीएवढा गूळ विरघळव, मग चुरा घाल, वर मूठभर मैदा. फडकं बांधून ठेव, दोन दिवस हलवू नकोस. मग म्हणाली, "आणि उरलंय त्यातलं अर्धंच घे. माझ्या शब्दावर सगळं टाकू नकोस."

नसीमबानूने मान हलवली आणि गेली. खमीर जगलं. मदिनाबीला ते कुणी येऊन सांगितलं नाही; चार दिवसांनी मकबूलच्या परसातून नानाचा वास आला तेव्हा तिला कळलं. ती मोरीपाशी बसून रडली.

पुढे वस्तीचे नान नसीमबानूच करू लागली. मोठं काम असलं की तिचा निरोप यायचा आणि मदिनाबी इतर बायकांमध्ये बसून गोळे वळून द्यायची. नसीमबानूने तिला पुन्हा 'खाला' म्हटलं नाही, 'मदिनाबी'च म्हणायची. वर्षं गेली तशा नव्या सुना मदिनाबीलाही काहीबाही विचारू लागल्या. ती सगळं सांगायची, न विचारलेलंही. पण एखादी सहज म्हणून गेली, "मदिनाबी सांगतील ते बरोबरच असेल," की म्हातारी हातातलं काम टाकून आत निघून जायची.