ब्रेक दाबला की थरथरणारी गाडी

परवा नातवाच्या गाडीला जळक्या ब्रेकचा वास आला आणि मला अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आठवली. साठ सालच्या आसपास मी तिच्यावर ड्रायव्हर होतो. ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरायचं.

नामदेव मिस्त्री माझा लहानपणचा दोस्त; बाईंची गाडी त्याच्याच गॅरेजात दुरुस्तीला जायची. त्याने गाडी फिरवून पाहिली आणि माझ्यासमोरच बाईंना सांगितलं, "गाडी चांगली हाय बाई. याचा पाय जड हाय." बाईंनी मला महिनाअखेरपर्यंत दुसरं काम बघायला सांगितलं. नामदेव बोलला म्हणजे खरंच असणार, असं मलाही वाटलं. चप्पल काढून, अनवाणी पायाने मी हळू ब्रेक दाबायला शिकत होतो.

त्याच महिन्यात बाईंचं अमरावतीला काम निघालं. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पुढचं चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम हाताने फिरवला. "हा गोल नाही राह्यला. अन् तुमच्या गाडीचा नाहीच हा. कोणीतरी जुना बसवला."

ते चाक आजवर एकदाच, दिवाळीत खोललं होतं, आणि तेही नामदेवनेच.

परतल्यावर मी त्याला गाठलं. "काहून केलं असं?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. "तुले दुसरी नोकरी भेटली असती. माह्यं नाव गेलं असतं, तर गॅरेजच बसलं असतं."

मी बाईंना अमरावतीला बदलून घेतलेला तो जुना ड्रम दाखवला. नोकरी राहिली. नामदेवचं नाव मात्र मी घेतलं नाही, आणि का घेतलं नाही, हे त्याने मला कधीच विचारलं नाही.