पांढरी पडलेली फौज

मंडळी, आज मी चाळीस सैनिक स्वतःच्या हाताने संपवले.

बोटाएवढे, खेळण्यातले यंत्रमानव, पण थाट इजिप्तच्या राजांचा. सोनेरी मुखवटे, निळे पट्टे. टेबलावर भविष्यातलं युद्ध खेळतात, त्यासाठी आठ महिने एकेक रंगवत होतो. माझ्याशी खेळणारा एकच, पलीकडच्या गोकुलम भागातला कानडी गिरीश. तो उद्या कायमचा कॅनडाला चाललाय. आज दुपारी आमचा शेवटचा डाव होता.

रंग टिकावा म्हणून वरून वार्निशचा स्प्रे मारायचा राहिला होता. सकाळपासून भुरभुर होती, तरी घाईघाईत गच्चीच्या जिन्यात उभं राहून मारला. दहा मिनिटांत सगळे पांढरे, पीठ चाळल्यासारखे. दमट हवेत वार्निश असंच करतं. मला माहीत होतं हो!

आमच्याकडे तीन पिढ्या कापड रंगवायच्या, त्यातले माझे वडील, अप्पा, शेवटचे. ते म्हणाले, "हवा नाही बघितलीस? आधी चिंधीवर तरी मारून बघायचं रे."

मी ओरडलो, "आता सांगून काय उपयोग?"

ते खाली गेले.

गिरीश म्हणाला, "परवागिल्ल बिडो, चालतंय रे, असेच खेळू." खेळलो. कोणता सैनिक कोणता, मलाच ओळखेना. हरलो.

घरी आलो तर अप्पा ओल्या फडक्याने घरीच राहिलेला एक सैनिक पुसत बसलेत. ओला असेपर्यंत निळा दिसतो, वाळला की पुन्हा पांढरा. "थांब, येईल," म्हणतात आणि परत भिजवतात.

त्यांना थांबवू कसा, सांगाल कुणी?