चारही बाजूंनी दिसणारं घर

निघोज्याहून टेम्पो निघाला तेव्हापासून मी सारखी घड्याळ बघत होते. आमच्या शेडमध्ये कंपन्यांच्या यंत्रांभोवतीची जाळीदार कुंपणं बनतात. बिबट्यासाठी घर आम्ही पहिल्यांदाच बांधलं होतं. आता फक्त शेवटची तपासणी उरली होती. सोबत आमचे वेल्डर दत्ताभाऊ, मूळचे बीडचे. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो, तसं त्यांनी डब्यातलं धपाटं (ज्वारीच्या पिठाची थापून केलेली तिखट पोळी) पुढे केलं.

"खावा ताई. काळजी करून रस्ता मोकळा व्हत नसतो."

एक तुकडा तोडून घेतला, डोळे मात्र पुढच्या ट्रकवरच.

नदीपलीकडच्या टेकडीवर ते लहानसं प्राणिसंग्रहालय. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या शंकरमामांनी आधी जुना पिंजरा दाखवला. आत बिबट्याची मादी होती, उसात सापडलेली, एका पायाने अधू. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची, वळायची, पुन्हा तेच. फरशीवर तिच्या पावलांची वाट पडली होती.

"दिसभर ह्येच," मामा म्हणाले. "उद्या तुमच्या घरात सोडायची. सुटंल बिचारी."

नवं घर पाहून मात्र माझी छाती फुगली. पाण्याचं कुंड, चढायला ओंडके, वरपर्यंत जाळी आणि भोवताली प्रेक्षकांची वाट. कुठूनही पाहा, आतला कोपरा न् कोपरा दिसायचा. यंत्राचं कुंपण असंच लागतं, आत काय चाललंय ते बाहेरून दिसलंच पाहिजे.

आमच्याकडे रिवाज आहे, कुंपण बनवणाऱ्याने एकदा आत उभं राहायचं. मी शिरले, दत्ताभाऊंनी दार सरकवलं. नेमकी तेव्हाच एका शाळेची सहल आली.

"आरं, ह्यात तर बाई ठेवलीय!"

पोरं चारही बाजूंना पसरली. कुणी शिट्टी मारली, कुणी जाळी वाजवली. मी हसले. मग पाठ फिरवली, तर मागेही चेहरे. ओंडक्याआड गेले, तिथेही डोळे.

"ताई, अशा का फिरायलाव?" दत्ताभाऊंनी बाहेरून विचारलं.

मी थिजले. या जाळीपासून त्या जाळीपर्यंत जात होते, वळत होते, पुन्हा तेच. इतकं मोठं घर बांधलं आणि तिला लपायला वीतभर जागा ठेवली नाही! स्वतःचाच भयंकर राग आला.

"मामा, उद्या सोडू नका. दोन बाजूंना भिंत घालते, आत झुडपं लावू."

मामांचा चेहरा पडला. "म्हंजी आजून त्याच फरशीवर?"

मी बाहेर आले, टेप काढला आणि जाळीची मापं घेऊ लागले.

"मग लोकांना बिबट्या दिसणार कसा?" गलका ऐकून आलेले प्राणिसंग्रहालयाचे साहेब वैतागले. मी म्हटलं, एकदा आत उभे राहून बघा. ते काही उभे राहिले नाहीत, पण आठवडाभराची मुदत दिली.

शेडमध्ये पोचल्यावर दत्ताभाऊ नेहमीसारखे पत्र्यांच्या थप्पीआड जेवायला बसले. माझी केबिन काचेची; तिथून सगळी शेड दिसते, फक्त ती जागा सोडून. थप्पी हलवा म्हणून मी कितीदा तरी बडबडले होते. त्या दिवशी ती तिथेच राहू दिली. खुर्ची मागच्या भिंतीकडे फिरवली आणि ड्रॉइंग काढायला घेतलं. हात घाई करत होता. तिकडे ती अजून फेऱ्या घालत होती.